घंटीतलं गवत

मार्च सरायच्या आतच वस्तीवरच्या विहिरीचा तळ दिसायला लागला आणि केरबानं मेंढरं झिऱ्याच्या वाटेला लावली.

केरबाची वस्ती पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोड सोडून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. दहा वर्षांमागं तिथून शहराकडं बघितलं तर गायरान दिसायचं. आता भिंती दिसतात. भिंतींच्या आत प्लॉट, प्लॉटच्या कोपऱ्यांवर चुना लावलेले दगड आणि प्रत्येक गेटवर एक वॉचमन. त्यातल्याच एका गेटवर केरबाचा थोरला, अजिनाथ, गळ्यात शिट्टी अडकवून बसायचा. ज्या रानात त्यानं लहानपणी मेंढरं चारली, त्याच रानात मेंढरू घुसू नये म्हणून त्याला पगार मिळत होता. धाकटा राम वाळूजला कंपनीत जायचा. केरबाचे गुडघे गेलेले. मग सत्तर मेंढरांमागं उरली ती थोरली सून, रत्नमाला.

झिरा डोंगराच्या मागच्या घळीत होता. घाणेरीची जाळी हातानं बाजूला केल्याशिवाय आत काही आहे असं कुणाला वाटलं नसतं. आत कातळाच्या फटीतून पाणी पाझरायचं, करंगळीएवढं. खाली केरबाच्या बापानं खणलेला खड्डा होता. तो भरायला दोन तास लागायचे. रत्नमाला खड्ड्यातून डबा भरायची, दगडाच्या डोणीत ओतायची, पाच मेंढरं पाजायची, पुन्हा डबा भरायची. संध्याकाळी तिला खांदा वर उचलवत नसे. पण घळीत बोरी होत्या, हिवराच्या शेंगा होत्या, कातळाच्या सावलीला वाळकं का होईना गवत होतं. मिरगापर्यंत मेंढरं जगली असती. दर दुष्काळात तशी जगली होती.

त्याची एक रीत होती. रोज वेगळ्या वाटेनं जायचं, म्हणजे पायवाट पडत नाही. येताना शेवटच्या उतारावरच्या लेंड्या फडक्यानं झाडायच्या. आणि जाळीच्या अलीकडं म्होरक्या बोकडाला धरायचं, त्याच्या गळ्यातल्या घंटीत मूठभर गवत कोंबायचं. घंटी मुकी झाली की मगच आत शिरायचं. लग्न होऊन आली त्या वर्षी केरबानं हे रत्नमालेला स्वतः शिकवलं होतं. घरात झिरा ठाऊक असलेली ती तिसरीच. धाकटी सून प्रांजली घळीपर्यंत कधी आली नव्हती. ह्या एका गोष्टीचा रत्नमालेला मोठा आधार होता.

कारण बाकी सगळीकडं प्रांजलीच होती.

प्रांजली वैजापूरकडची, बारावी झालेली, बावीस वर्षांची. पाण्याचं काम तिच्याकडं. टँकर नव्या कॉलनीत, वाचनालयासमोर यायचा. कधी अकराला, कधी तीनला. बाया हंडे-ड्रम ओळीत लावायच्या आणि वाचनालयाच्या ओट्यावर सावलीला बसायच्या. वाचनालयात वायफाय फुकट. आत पोलीस भरतीची पोरं टेबलावर माना खाली घालून बसलेली असत, दाराशी ग्रंथपाल पुंडलिक सर. त्यांचा नियम एकच, मोबाइल वापरा पण आवाज बंद. प्रांजली कोपऱ्यातल्या बाकावर बसायची, समोर दाखवायला वर्तमानपत्र पसरायची आणि वस्तीवर काढलेले रील तिथून टाकायची. 'धनगराची सून' असं तिनं नाव घेतलं होतं.

रत्नमालेनं आधी त्याकडं लक्ष दिलं नाही. तिच्याकडंही मोबाइल होता, रामनं टाकून दिलेला, काचेला तडा गेलेला, सिमकार्ड नसलेला. त्यावर ती मेंढरांमागं गाणी ऐकायची. पण एका रविवारी अजिनाथ ड्यूटीवरून आला आणि जेवायला बसायच्या आधी गेटवरच उतरवून घेतलेलं रील मोबाइलवर तिच्यापुढं धरून हसायला लागला.

"बघ की. छोटीनं कोकरू काय झकास धरलंय."

रत्नमालेनं बघितलं. प्रांजली मोरपंखी साडीत उभी होती. कुशीत नुकतं झालेलं कोकरू, पुसलेलं, पांढरंशुभ्र. ती त्याच्या नाकाला नाक लावत होती. वर गाणं वाजत होतं.

त्या कोकराचा एक पाय आत अडकला होता. रत्नमालेनं कोपरापर्यंत हात घालून तो सरळ केला होता, पाऊण तास, उन्हात, मेंढी तिच्या मांडीवर लाथा झाडत असताना. तिच्या मांडीवर अजून काळा डाग होता. प्रांजली साडी बदलून आली ती कोकरू पुसून झाल्यावर.

"ह्ये कोपऱ्यात काय हाय?" रत्नमालेनं विचारलं.

अजिनाथनं डोळे बारीक केले. "कोपर दिसतंय कुणाचं तरी."

"माझंय."

"आसंल," अजिनाथ म्हणाला. "दोन हजार नऊशे लोकांनी बघितलं. वैजापूर, गंगापूर, कुठून कुठून बाया लिवत्यात, वहिनी तुम्ही किती कष्टाळू."

रत्नमालेनं भाकरी थापली ती मधोमध फाटली. त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. प्रांजली हंडा उतरवताना गुणगुणली तरी हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेंढरांमागं चालता चालता ती मनातल्या मनात भांडायची. माझी मेंढरं, माझे हात, माझं कोकरू. आणि कष्टाळू कोण, तर साडी बदलून येणारी. खरं सांगायचं तर प्रांजली वाईट नव्हती. रत्नमाला परतल्यावर तिच्यासाठी पाणी तापवून ठेवायची, टाचांच्या भेगांना लावायला तेल द्यायची. रत्नमाला ते तेल लावायची, आणि लावता लावता जळायची.

चैत्रात प्रांजलीच्या भावाची सुपारी फुटली. राम आणि ती चार दिवसांसाठी वैजापूरला गेली. पाण्याची पाळी रत्नमालेवर आली. केरबानं त्या दिवशी मेंढरं वाड्यातच कोंडून पाला टाकला.

टँकर आला नव्हता. रत्नमालेनं ड्रम ओळीत लावला, चपला ओट्याखाली काढल्या आणि वाचनालयात गेली. इतक्या पुस्तकांच्या मधोमध ती आधी कधी उभी राहिली नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली होती, अक्षरं जोडून वाचायची. पंख्याखाली घाम गार झाला. तिनं तडा गेलेला मोबाइल पदरातून काढून टेबलावर ठेवला.

"सर, माझ्या नावाचं उघडून द्या."

पुंडलिक सरांनी चष्मा वर केला. "काय उघडून देऊ?"

"ती उघडती तसलं."

"कोण ती?"

"आमची धाकटी. प्रांजली."

सर हसले नाहीत, हे त्यांचं भलेपण. त्यांनी मोबाइल वायफायला जोडला, खातं उघडलं आणि विचारलं, "नाव काय टाकू? धनगराची थोरली सून?"

"नाय," रत्नमाला म्हणाली. "कुणाची सून-बिन नाय. रत्नमाला केसकर. फोटू बी माझाच."

सरांनी फोटो काढला. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी तिनं घडी करून पोलक्यात ठेवली. मग सरांनी तिला प्रांजलीचे सगळे रील दाखवले, आवाज बंद करून. चाळीस होते. चाळीसपैकी अकरांत रत्नमाला होती. एकात पाठ, एकात पदर, दोन-तीनदा हात. तोंड कुठंच नव्हतं. टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा ती उठली. ड्रायव्हर ओरडत होता, "चलो बाई, नळी पकडो, टाइम नही मेरेकू." नळी धरता धरता तिनं ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी घळीत तिनं मोबाइल दगडाला टेकवून उभा केला. आधी डोकं धुतलं, अर्धा डबा पाणी त्यात गेलं. मग पदर नीट केला आणि हाक घातली. तिची हाक वेगळीच होती. आधी खालच्या सुरात लांब, मग जिभेनं टाळूवर टकटक, मग एकदम वर. त्या हाकेला सत्तर मेंढरं कुठंही असली तरी मान वळवायची. वळवली. उतारावरून खाली आली.

तिनं रील बघितलं आणि तिचं मन खट्टू झालं. काहीतरी कमी होतं. मेंढरं येतायत पण वाजत काहीच नाही.

तिनं म्होरक्याला जवळ ओढलं. त्याच्या घंटीत बोट घातलं आणि गवताचा बोळा काढून फेकून दिला.

पुन्हा हाक घातली. ह्या खेपेला घंटी घळीभर खणखणली. पुढं म्होरक्या, मागं मेंढरं, मधोमध ती, हातात डबा, डोणीत पडणारं पाणी. मोबाइल पाणी टिपत होता, कातळ टिपत होता, आणि कातळाच्या वर दिसणारा डोंगराचा कडा, त्याच्यावरचं एकटं अंजनाचं झाड, पलीकडं शहराच्या बाजूला उभी राहिलेली बिनप्लास्टरची उंच इमारत. रत्नमाला फक्त स्वतःला बघत होती. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा वाचनालयात गेली आणि पुंडलिक सरांनी रील टाकून दिलं.

शहरातल्या माणसाला तो कडा दाखवला असता तर त्याला फक्त डोंगर दिसला असता. पण ज्याच्या आयुष्याची वाट कडे आणि झाडं बघून ठरते, त्याला तेवढं पुरतं.

प्रांजली परत आली. तिनं काही विचारलं नाही. आणि परतल्यानंतर तिसऱ्या दिवशी रत्नमाला घळीपाशी पोचली तेव्हा जाळी तुडवलेली होती. आत शंभरएक मेंढरं होती आणि डोणीपाशी लाल फेट्याचा एक माणूस बसला होता.

"या," तो म्हणाला, जणू घर त्याचंच. मग निरखून बघितलं आणि उठून उभा राहिला. "ताई, तुमीच न्हवं त्या? मी पुंजाराम. वैजापूरकडून आलो. तिकडं ढेकळं खायची पाळी आलीय. तुमचा व्हिडिओ आला नसता तर मेंढरं विकावी लागली आसती."

रत्नमालेनं म्होरक्याला अडवून धरलं.

"कडा वळखला," पुंजाराम म्हणाला. "लहानपणी बापासंगं ह्या डोंगरावरून गेलतो. आवाज लई चांगला हाय तुमचा. आमच्या वाड्यावर लेकरं तुमची हाक घालत्यात."

लग्न होऊन आल्यापासूनच्या नऊ वर्षांत तिला तिच्या कामाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. बोलला तो हा, तिच्या डोणीत स्वतःची मेंढरं पाजत. आणि लाज वाटायच्या आधी, अगदी क्षणभर, तिला बरं वाटलं.

पुंजारामला हाकलता आलं नाही. तहानलेल्या मेंढराला पाण्यावरून उठवायचं नाही, हीसुद्धा रीतच. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कळप आले, तिसऱ्या दिवशी एक गंगापूरचा. खड्डा भरायला दोन तास लागत, तिथं माणसं फटीलाच तोंडं लावायला लागली. चौथ्या दिवशी खड्ड्यात नुसता चिखल होता. बोरी ओरबाडल्या गेल्या. घाणेरीची जाळी राहिलीच नाही. रत्नमालेच्या चार गाभण मेंढ्या गाभडल्या. नीट आकारही न आलेली कोकरं तिनं एकटीनं दगडांखाली पुरली.

पाचव्या दिवशी केरबा काठी टेकत टेकत वर आला. दुपार झाली त्याला पोचायला. त्यानं घळ बघितली. काठीनं खड्ड्यातला चिखल ढवळला. मग गंगापूरच्या मेंढक्याला विचारलं, "तुम्हाला ही जागा कुणी सांगितली?"

"तुमच्या सुनंनंच की आजा," तो म्हणाला. "व्हिडिओ टाकला न्हवं."

रत्नमाला दहा हातांवर उभी होती. केरबानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. व्हिडिओ टाकणारी सून त्याला एकच ठाऊक होती.

वस्तीवर आल्यावर त्यानं रामला हाक मारली. "तुझ्या बायकोला विचार, माझ्या बापाची जागा तिनं काय म्हणून दाखवली."

प्रांजली चुलीपुढून उठली. "मामा, मी नाही दाखवली. मला ती जागा ठावं पण नाही."

"मग मेंढकं काय खोटं बोलत्यात?"

"मी नाही टाकलं मामा. शपथ घेते."

वस्तीवर रेंज नव्हती, नाहीतर कुणीतरी उघडून बघितलं असतं. रामनं तिच्या हातातला मोबाइल ओढला आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटला. एकदा आपटून फुटला नाही म्हणून पुन्हा आपटला. "उद्यापासून वाचनालयात पाय ठेवायचा न्हाय," तो म्हणाला.

प्रांजली रडली नाही. ती रत्नमालेकडं बघत राहिली. रत्नमाला भाकरीचं पीठ मळत होती. मळून झालेलं पीठ तिनं पुन्हा मळलं. तिच्या मनात दोन बाया भांडत होत्या. एक म्हणत होती, बोल. दुसरी म्हणत होती, चाळीस वेळा कौतुक हिनंच घेतलं, एकदा शिव्याही हिनंच घ्याव्यात. त्या संध्याकाळी दुसरी जिंकली. झोपताना उशाशी बघितलं तर तेलाची वाटी रोजच्या जागी ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मेंढरं वाड्यातच राहिली, जायला जागाच नव्हती. प्रांजली ड्रम घेऊन टँकरला गेली. तिच्या मागोमाग तासाभरानं रत्नमालाही गेली. प्रांजली ओट्यावर बायांत नव्हती. ती वाचनालयातल्या तिच्या बाकावर बसली होती, समोर वर्तमानपत्र, हात मांडीवर, मोबाइल नाही. रामनं नको म्हटलं होतं तरी आली होती.

रत्नमाला तिच्याशेजारी बसली आणि तडा गेलेला मोबाइल वर्तमानपत्रावर ठेवला.

"ते पुसायचंय," ती म्हणाली. "मला येत नाय. मोबाइलनं पासवर्ड मागितला, आन् चिठ्ठी घामानं भिजली."

प्रांजलीनं मोबाइल उचलला. "पासवर्ड लागत नाही, उघडंच आहे. तुम्ही दुसरीकडंच बोट लावत होता." मग ती हळू म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, ताई. वैजापूरला. पहिला बदाम मीच दिला. आमच्या माहेरच्या ग्रुपवर पण टाकलं. म्हणलं, बघा आमच्या ताई."

रत्नमाला तिच्याकडं वळली. "मग काल काहून बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलताल म्हणून. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते."

पोलीस भरतीच्या एका पोरानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. रत्नमाला टेबलावरच्या शाईच्या डागावरून बोट फिरवत राहिली. प्रांजलीनं रील शोधून काढलं.

"पुसू?"

"थांब." रत्नमालेनं मोबाइलवर हात ठेवला. विचारू नये असं तिला वाटत होतं आणि विचारल्यावाचून राहवत नव्हतं. "किती जणांनी बघितलं?"

"चौदा हजार."

"आन् तुझं त्ये कोकराचं?"

"दोन हजार नऊशे."

रत्नमालेनं मान खाली घातली. पण प्रांजलीला ते दिसलंच. इतकं सगळं होऊनही तिच्या जावेचं तोंड जरासं उजळलं होतं. प्रांजलीला राग आला असेल तर तिनं तो दाखवला नाही. तिनं नुसता मोबाइल पुढं धरला.

"एकदा लाव," रत्नमाला म्हणाली.

आवाज बंद करायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. घंटी वाजली. हाक वाजली, आधी लांब, मग टकटक, मग वर. सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. पुंडलिक सर खुर्चीतून अर्धे उठले आणि कुणास ठाऊक का, पुन्हा बसले. हाक संपली, डोणीत पाणी पडल्याचा आवाज संपला.

"पूस," रत्नमाला म्हणाली. "आन् चल घरी. तुझ्यासमोर सांगते."

तिनं सांगितलं. केरबा बाजेवर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "गवत तूच काढलं?"

"व्हय, मामा."

"मला वाटलं म्होरक्यानं हिसडा मारून पाडलं आसंल," तो म्हणाला. "डोणीमागच्या फटीत पडलेलं दिसलं होतं." मग प्रांजलीला म्हणाला, "पोरी, माझं चुकलं." रत्नमालेला काही म्हणाला नाही. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. राम फुटलेल्या मोबाइलचे तुकडे गोळा करत बसला.

मेंढरं गोदावरीच्या अंगाला न्यायची ठरली. अजिनाथनं शिट्टी परत केली. केरबाचा बाप मेल्यापासून गुडघे जाईपर्यंत दर दुष्काळात झिऱ्याकडं कळपापुढं केरबाच चालला होता. ह्या खेपेला पहिल्यांदाच कळप वस्ती सोडून लांब जाणार होता, आणि तो मागं राहणार होता. निघायच्या सकाळी त्यानं म्होरक्याला गुडघ्यात धरलं, घंटी हातात घेतली, फडक्यानं आतून-बाहेरून पुसली आणि तशीच, मोकळी, त्याच्या गळ्यात सोडली. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

कळप कॉलनीतून रोडला लागला तेव्हा प्रांजली वाचनालयासमोर ड्रमच्या ओळीत उभी होती. रत्नमाला मेंढरं अजिनाथवर सोडून तिच्याकडं गेली. डोक्यावर बोचकं, काखेत चार दिवसांचं कोकरू. तिनं कमरेचा मोबाइल काढून जावेच्या हातात दिला.

"तिकडं मला कशाला लागतोय. ठेव तुला."

प्रांजलीनं तो हातात फिरवला. तड्यावरून अंगठा फिरवला. "एक काढू, ताई? जाताना?"

रत्नमालेनं मागं बघितलं. घंटी वाजत पुढं चालली होती. तिनं बोचकं सावरलं, कोकराचं तोंड पदरातून बाहेर काढलं आणि नीट उभी राहिली.

"काढ. पण आख्खी काढ, नुसतं कोपर नको," ती म्हणाली. "आन् खाली नाव माझं टाक. गाव कुठलंच टाकू नको."